धर्म बदलला, मग वाटा कुणाचा? भारतीय ख्रिस्ती वारशाची पार्श्वभूमी

इस्राएलात देवसेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीत वाटा नव्हता. त्यांचा वाटा देव, असे बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात एक जण येशूला गळ घालतो, की माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. मला तुमचा वाटणीदार कुणी नेमले, असे म्हणून येशू त्याला वाटेला लावतो. नव्या करारात स्वर्गीय वतनाबद्दल पुष्कळ आहे, पण शेत भावंडांत कसे वाटावे याचा नियम नाही. तो ख्रिस्ती कुटुंबांनी जिथे राहिले तिथल्या कायद्यातून घेतला.

भारतात पहिला पेच बाप्तिस्म्याचाच होता. हिंदू शास्त्राप्रमाणे पतित, म्हणजे धर्मभ्रष्ट, झालेल्याचा घटस्फोट (इथे काडीमोड नव्हे, तर त्याच्या नावाने घडा फोडणे) करीत, म्हणजे तो मेला असे समजत. मेलेल्याला वाटा कसला? १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. सनातनी मंडळींनी त्याविरुद्ध अर्ज केले, पण कायदा टिकला. त्याचे संरक्षण मात्र धर्मांतर करणाऱ्यापुरतेच होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातलगांचे वारस होत नाहीत. वारसा उघडतेवेळी ती हिंदू असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरा पेच बेल्लारीच्या अब्राहम या ख्रिस्ती कुटुंबात उभा राहिला. मॅथ्यू अब्राहम मृत्युपत्र न करता वारले. आपले कुटुंब हिंदू रीतीचे एकत्र कुटुंब, तेव्हा मालमत्तेत आपला सहहिस्सा, असे भाऊ फ्रान्सिसचे म्हणणे. विधवा शार्लटने ते नाकारले. १८६३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निर्णय दिला की धर्मांतराने हिंदू कायद्याचे बंधन सुटते. नंतर जुनी रीत पाळायची की नवी, हे कुटुंबाच्या वागणुकीवरून ठरवायचे. भावाचा सहहिश्शाचा दावा टिकला नाही. पण वागणूक कोर्टात सिद्ध करणे म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालणारा खटला. ही मोकळीक १८६५ च्या उत्तराधिकार कायद्याने संपवली, आणि आज लागू आहे तो त्याचाच वारस, १९२५ चा कायदा.

त्यात जन्मसिद्ध हक्क नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. १८ एकर जमीन, पत्नी आणि तीन मुले असतील तर ६ एकर तिला, ४-४ एकर प्रत्येकाला. आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना जातो. घोटाळा होतो तो गावाकडे: ‘वडिलोपार्जित’ म्हणून मुलगे जमीन आपलीच धरतात, बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात, किंवा त्यांची नावे सातबाऱ्यावर चढवतच नाहीत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवले असेल तर तेवढी देणगी रद्द होते, मृत्युपत्र राहते. करणाऱ्याने नंतर लग्न केले तर अख्खे मृत्युपत्रच रद्द. हे कलम ६९ पुष्कळांना माहीतच नसते.

मृत्यूशय्येवरच्या माणसाकडून चर्चच्या नावे मालमत्ता लिहून घेतली जाईल ही भीती इंग्लंडातून आली होती. कलम ११८ प्रमाणे पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल तर धर्मकार्याला दिलेली देणगी तेव्हाच चाले, जेव्हा मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधी केलेले आणि केल्यापासून ६ महिन्यांच्या आत सरकारदरबारी जमा केलेले असे. हिंदूंना अशी अट नव्हती. जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम भेदभाव करणारे म्हणून रद्द केले. आता महाराष्ट्रातला बाप सगळे चर्चला देऊ शकतो. कायद्याने मुलांसाठी काही राखलेले नाही.

गोव्यात तसे नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा तिथे सर्व धर्मांना लागू. वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक: आधी हयात जोडीदाराचा अर्धा बाजूला निघतो, आणि मृताच्या अर्ध्यातला निम्मा मुलांसाठी राखीव असतो. चर्चला जाईल ते उरलेल्या निम्म्यातून.