पथदीप नियोजन

रस्त्यावर रात्री पुरेसा व समान प्रकाश कमी खर्चात पडावा यासाठी दिव्यांची उंची, अंतर, शक्ती व वेळा ठरविण्याची पद्धत. नगरपालिकांच्या बोलीत ‘दिवाबत्ती’.

भारतात विजेचे पथदीप प्रथम कोठे लागले, याविषयी एकमत नाही. हा मान बहुधा बेंगळुरूला (१९०५) दिला जातो. काही जण त्याला ‘आशियातील पहिले’ही म्हणतात. मात्र दार्जिलिंगच्या दिव्यांसाठी जवळच उभारलेले सिद्रापोंग जलविद्युत केंद्र १८९७ मध्येच सुरू झाले होते. त्याही आधी, १८८२ च्या सुमारास, ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात व काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचा मक्ता घेतला. वर्षभरातच कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर आले. अल्पजीवी प्रयत्न मोजायचे ठरविल्यास बेंगळुरूचा दावा टिकणे कठीण दिसते.

भारतीय मानक क्र. १९४४ नुसार ‘अ-२’ वर्गातील मुख्य रस्त्यावर सरासरी १५ लक्स (दर चौ. मी.वर १५ ल्युमेन; ल्युमेन हे प्रकाशाच्या एकूण प्रमाणाचे एकक) प्रकाश हवा आणि किमान प्रकाश सरासरीच्या ०.४ पट हवा. १० मी. रुंद रस्त्यावर ३० मी. अंतराने एका बाजूस खांब धरल्यास प्रत्येक दिव्यामागे रस्त्यावर ४,५०० ल्युमेन पोचले पाहिजेत. निम्माच प्रकाश रस्त्यावर पडतो आणि काचेवरील धूळ व दिव्याचे जुनेपण यांपायी त्यातही तीन दशांश घट होते, असे धरल्यास दिव्यातून सुमारे १२,९०० ल्युमेन निघावे लागतात. वॅटमागे १२० ल्युमेन देणाऱ्या एलईडीसाठी ही शक्ती सुमारे ११० वॅट भरते; वर्षाला ४,००० तास जळाल्यास वीज सुमारे ४४० युनिट. खांब विरळ करून मोठे दिवे लावले की सरासरी साधते, पण दोन खांबांमध्ये अंधाराचा पट्टा उरतो. उजेडाला सरावलेल्या चालकाला तिथला पादचारी उशिरा दिसतो. म्हणून नुसत्या वॅटच्या बचतीवर आखलेली योजना सदोष मानावी.

गुन्ह्यांबाबतचा पुरावा संमिश्र आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतींतील २०१६ च्या प्रयोगात वाढीव प्रकाशाने उघड्यावरचे रात्रीचे गंभीर गुन्हे घटले. इंग्लंड व वेल्समधील २०१५ च्या अभ्यासात मात्र दिवे मंद किंवा बंद केल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचे आढळले नाही. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी ग्राह्य वाटतात : एकात अंधाऱ्या आवारांत भर घातली होती, दुसऱ्यात आधीच उजळलेल्या भागांत कपात केली होती.

एलईडीचा प्रसार २०१५ मधील राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने वेगाने झाला. लोखंडी खांबांचे आर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासणे आवश्यक असते.