पेज फॉल्ट (व्हर्च्युअल मशीनमधील)

प्रोसेसरने मागितलेला मेमरीचा पत्ता पेज टेबलात (कोणता आभासी पत्ता रॅममध्ये कुठे आहे याच्या नोंदीत) सापडला नाही, किंवा सापडूनही तिथे परवानगी नसली, की पेज फॉल्ट होतो. एक्स८६ प्रोसेसरांत या अपवादाचा (चालू काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावणाऱ्या घटनेचा) क्रमांक १४ आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे खऱ्या संगणकावर (होस्ट) सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात (गेस्ट), पत्ता दोनदा उलगडावा लागतो : गेस्टचा आभासी पत्ता आधी गेस्टच्या ‘भौतिक’ पत्त्यात आणि मग होस्टच्या खऱ्या रॅममधल्या पत्त्यात. त्यामुळे अडले कुठे आणि निस्तरायचे कोणी, हे आधी ठरवावे लागते. व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरवायझर, लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते.

पूर्वी हायपरवायझर गेस्टच्या आभासी पत्त्यावरून थेट खऱ्या रॅमकडे नेणारे शॅडो पेज टेबल सांभाळत असे आणि प्रत्येक फॉल्ट अडवून गेस्टचे टेबल स्वतः चाळत असे. एएमडीने २००७ मध्ये नेस्टेड पेजिंग (दोन्ही टप्पे प्रोसेसरनेच उलगडणे) आणले, इंटेलने २००८ मध्ये त्याच धर्तीचे ईपीटी. तेव्हापासून गेस्टच्या टेबलातला फॉल्ट परस्पर गेस्टच्या कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जातो. हायपरवायझर जागा होतो तो दुसऱ्या टप्प्यावर अडले तरच.

लिनक्समधील केव्हीएम या हायपरवायझरचे (२००७, लिनक्स आवृत्ती २.६.२०) उदाहरण घेऊ. ४ जीबी मेमरीचे गेस्ट नुकतेच सुरू झाले आहे. त्यात ४ केबीची १०,४८,५७६ पाने (पेज) आहेत, पण बहुतेकांना अजून रॅम मिळालेलीच नाही. अशा पानाला पहिला हात लागताच ईपीटी व्हायोलेशन, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरचा फॉल्ट, होते. केव्हीएम तो पत्ता मेमरी स्लॉटमध्ये (होस्टच्या मेमरीशी जोडलेल्या गेस्टच्या पत्त्यांच्या पट्ट्यात) शोधते, पान मिळवून जोडते आणि अडलेली सूचना पुन्हा चालू देते. गेस्टला याचा पत्ताही लागत नाही. पत्ता कोणत्याच स्लॉटमध्ये नसेल, तर तो एखाद्या उपकरणाचा मानून काम बहुधा क्यूईएमयूकडे (गेस्टची उपकरणे साकारणाऱ्या होस्टवरील प्रोग्रॅमकडे) सोपवले जाते. स्लॉट आहे पण त्यामागची होस्टची मेमरीच काढून घेतलेली आहे, अशा वेळी क्यूईएमयूला ‘ईफॉल्ट’ (चुकीचा पत्ता) ही त्रुटी मिळते.

सर्वांत नाजूक जागा सूचनांच्या एम्युलेशनची, म्हणजे गेस्टची सूचना हायपरवायझरने स्वतः पार पाडण्याची. तिथे गेस्टचे टेबल हायपरवायझरलाच वाचावे लागते. पत्ता न मिळाल्यास तो सीआर२ रजिस्टरमध्ये (फॉल्टचा पत्ता ठेवण्याच्या प्रोसेसरमधल्या जागेत) ठेवून, योग्य एरर कोडसह (फॉल्टचे कारण सांगणाऱ्या बिटांसह) १४ क्रमांकाचा अपवाद गेस्टमध्ये घालावा लागतो. एक बिट चुकले तरी गेस्टचा कर्नल भलताच निष्कर्ष काढतो.

रॅमच खराब निघाली तर होस्टचा कर्नल क्यूईएमयूला सिगबस (मेमरी वापरता येत नाही असा) सिग्नल पाठवतो. क्यूईएमयू त्या पत्त्याचे गेस्टच्या भौतिक पत्त्यात रूपांतर करून मशीन चेक (हार्डवेअर बिघडल्याची सूचना देणारा अपवाद) गेस्टपर्यंत पोहोचवते. ते पान एखाद्या प्रोग्रॅमचे असेल, तर गेस्ट तेवढाच प्रोग्रॅम बंद करून पुढे चालू राहू शकते.