गिझरखालच्या ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हमागची गोष्ट

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये प्लंबरला उसंत नसते. तक्रार ठरलेली असते: गिझर चालू केला की खालच्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. आमच्याकडे आलेल्या मुलानं वर बघितलं, पिशवीतून टेफलॉन टेप काढली आणि म्हणाला, "काका, इथं प्लग मारून टाकतो. कटकटच नको."

त्याला थांबवलं. गळतं ते बंद करणं हा त्याचा धंदाच, त्याला काय बोलणार? पण नेमकं हेच तोंड बंद करण्याचा मोह माणसाला सव्वादोनशे वर्षांपासून पडत आलाय.

हा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप, त्याहूनही जुना. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. हाडंसुद्धा मऊ शिजावीत म्हणून वाफ आतच कोंडायची, ही कल्पना. कोंडलेली वाफ भांडं फोडेल हे ओळखून त्यानं झाकणाला भोक पाडलं, त्यावर झडप बसवली आणि ती दांडीला टांगलेल्या वजनानं दाबून धरली. आतला दाब वजनाला भारी पडला की झडप उचलली जाणार. आपल्या कुकरची शिट्टी ती हीच, फक्त दांडी गेली.

पुढे रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज इंजिनियरनं जास्त दाबाच्या वाफेवर इंजिनं चालवायला घेतली. 1803 च्या सप्टेंबरात ग्रीनिचला त्याचा एक बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. ट्रेव्हिथिकनं दिलेली हकीकत अशी: इंजिन सांभाळणारा पोरगा मासे धरायला गेला होता. जाताना इंजिन एका मजुराच्या हवाली केलेलं. ते फार जोरात पळतंय म्हणून मजुरानं ते बंद केलं, पण व्हॉल्व्हची दांडी अडकवून ठेवणारा पाना काढायचा राहिला. वाफेला वाट उरली नाही.

यानंतर ट्रेव्हिथिकनं बॉयलरला दोन व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं आणि जोडीला शिशाची एक गुडदी. पाणी आटून पत्रा तापला की शिसं वितळणार, भोक मोकळं होणार. पाना अडकवून व्हॉल्व्ह बंद करता येतो, वितळणाऱ्या शिशाला कोण अडवणार? कुकरच्या झाकणावरची सेफ्टी आणि बऱ्याच गिझरांमधला फ्युजिबल प्लग त्याच कुळातले. मिश्रधातू तेवढा बदलला.

तरीही रेल्वेत ड्रायव्हर जास्त जोर मिळावा म्हणून व्हॉल्व्ह दाबून ठेवतच राहिले. 1855 च्या सुमाराला जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनियरनं यावर मस्त तोड काढली. दोन व्हॉल्व्ह, मधे एकच स्प्रिंग आणि दोघांवर आडवी एक दांडी. एक दाबायला जावं तर दुसरा उचलला जातो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडतो तो हा माणूस. त्यानं उपदेश केला नाही, खोडीच करता येऊ नये अशी रचना केली.

आपल्याकडे कायदा आला तो स्फोटानंतरच. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, पुढच्याच वर्षी बंगालचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे नियम एकत्र व्हायला 1923 उजाडलं. 1950 ची बॉयलर नियमावली म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं 'आयबीआर'. 2025 मध्ये जुन्याच्या जागी नवा कायदा आला. घरचा गिझर मात्र या चौकटीत येत नाही, कारण तो वाफ बनवत नाही, पाणी शंभर अंशांच्या आतच तापवतो. त्याच्यासाठी आयएस 2082 हे मानक आहे, पण तपासायला निरीक्षक येत नाही. येतो तो प्लंबर.

खरं तर नाशिककरांना या व्हॉल्व्हची गरजच नव्हती. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे, वरून पाणी ओतायचं, तोटीतून काढायचं. तोंड उघडं, त्यामुळे दाब साठण्याचा प्रश्नच नाही. साठवणीचे गिझर आले तेव्हाही दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंच असायची. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब, म्हणजे इथं अर्धा किलोसुद्धा नाही. शिवाय तापून फुगलेलं पाणी आल्या नळीनं मुकाट टाकीत परत जायचं.

गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला चौदा-चौदा मजले उठले आणि हिशेब बदलला. खालच्या मजल्यांवर तीन-चार किलो दाब सहज येतो, कुठं प्रेशर पंपही. गिझरच्या व्हॉल्व्हमध्येच एनआरव्ही म्हणजे एकेरी वाटेची झडप असते, ती पाण्याला मागे फिरू देत नाही. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्टवर गेलं की पाव लिटरभर फुगतं. त्याला जायला जागा नाही, दाब चढत जातो आणि आठ बारला (साधारण आठ किलो) व्हॉल्व्ह उघडून चार थेंब सोडतो. तो बिघडलेला नसतो, कामावर असतो. थंड गिझरखालीही धार लागली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इमारतीचा दाब तरी जास्त आहे किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या जागी, बसलाय.

आता तिथं प्लग आहे, पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटलाय, तो फसला तर वीज तोडणारा कटआउटही गेलाय असं धरा. आठ बारच्या दाबाखाली पाणी 175 अंशांपर्यंत उकळतच नाही, पाणीच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातला सातवा हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो. पंधरा लिटरच्या गिझरातून ढोबळमानानं तीन हजार लिटर वाफ, तीही आपल्या एवढ्याशा बाथरूममध्ये.

मुलाला एवढं सगळं सांगितलं नाही. कुकरची शिट्टी तेवढी दाखवली. तो हसला, व्हॉल्व्हची छोटी दांडी दोनदा वर-खाली केली, पांढरा चुरा पाण्याबरोबर बाहेर आला. मग पारदर्शक नळी लावून तिचं टोक त्यानं जाळीपाशी सोडून दिलं. सकाळी गिझर लावल्यावर त्या नळीतून थेंब सरकताना दिसतात.