खिडक्यांची मांडणी (संगणक)

संगणकाच्या पडद्यावर नवी खिडकी उघडते तेव्हा ती केवढी असावी आणि कुठे बसावी, हे ठरवण्याच्या रीतीला खिडक्यांची मांडणी म्हणतात. मराठी भाषांतरांत ‘विंडो’साठी खिडकी, पटल, चौकट असे शब्द सापडतात. बोलताना मात्र सगळे ‘विंडो’च म्हणतात. हा निर्णय तिघांत वाटलेला असतो. प्रोग्रॅमला आपल्या मजकुराला किती जागा लागते ते माहीत असते, पण शेजारी काय उघडे आहे ते नसते. खिडक्या सांभाळणाऱ्या विंडो मॅनेजरला सगळा पडदा दिसतो, पण खिडकीच्या आतले कळत नाही. वापरणाऱ्याला दोन्ही दिसते, पण त्याला बोलायची संधी खिडकी उघडून झाल्यावर मिळते. मांडणीतले बहुतेक घोळ या तिघांच्या अर्धवट माहितीतून होतात.

सुरुवातीच्या काही प्रणालींनी हा प्रश्न टाळलाच. झेरॉक्स स्टार (१९८१) आणि विंडोजची पहिली आवृत्ती (१९८५) यांत खिडक्या फरश्यांसारख्या शेजारी-शेजारी बसत. मॅकिंटॉशवर (१९८४) त्या एकमेकींवर चढू शकत. विंडोजने ही मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिली. खिडक्या एकीवर एक आल्या की नवी कुठे टाकायची हा प्रश्न आलाच. सोपे उत्तर म्हणजे प्रत्येक नवी खिडकी आधीच्या खिडकीपासून थोडी खाली आणि उजवीकडे टाकायची, हातातले पत्ते पसरावेत तशी.

युनिक्स आणि लिनक्सवर चालणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमने (एमआयटी, १९८४, अकरावी आवृत्ती १९८७) मांडणीचे काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवले. तोच विंडो मॅनेजर, आणि एका पडद्यावर एका वेळी एकच. प्रोग्रॅम फक्त सूचना देतो : कमीत कमी आकार, जास्तीत जास्त आकार, आकार किती-कितीने वाढावा, आणि हवी असलेली जागा. जागेच्या सूचनेचे दोन प्रकार होते, एक ‘वापरकर्त्याने सांगितलेली’ आणि दुसरा ‘प्रोग्रॅमने ठरवलेली’. कल्पना चांगली होती. पण कित्येक प्रोग्रॅम काही न ठरवताच दुसऱ्या प्रकारात (०,०) लिहून मोकळे होत आणि खिडकी डाव्या कोपऱ्यात जाऊन आदळे. म्हणून ट्विम या जुन्या मॅनेजरमध्ये प्रोग्रॅमची जागा ‘माना’, ‘मानू नका’ यांखेरीज ‘शून्य नसेल तरच माना’ असाही पर्याय आला. कारभारात जे होते तेच इथे झाले : खोट्या अर्जांपायी खरे अर्जही तपासावे लागले.

वापरणारा स्वतः सांगतो तेव्हा आकड्यांची जुनी लिपी वापरतो. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीला, ‘८०x२४-०+०’ दिले की ८० अक्षरे रुंद, २४ ओळी उंच अशी खिडकी वर उजव्या कोपऱ्यात येते. इथे उणे शून्य आणि अधिक शून्य एक नाहीत. पहिल्या शून्यामागे उणे असेल तर उजव्या कडेपासून मोजायचे, अधिक असेल तर डाव्या; दुसऱ्यामागे उणे म्हणजे खालून, अधिक म्हणजे वरून. टर्मिनल अक्षरांच्या पटीतच वाढत असल्यामुळे पूर्ण पडदाभर ताणले तरी कडेला बोटभर पट्टी कधी कधी उरते. तो बिघाड नव्हे. तिथे आणखी एक अक्षर मावत नाही, एवढेच.

लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या के-विन या विंडो मॅनेजरमध्ये मांडणीची धोरणे निवडता येतात. त्यातल्या एका धोरणात मॅनेजर निरनिराळ्या जागा तपासतो, प्रत्येक ठिकाणी आधीच्या खिडक्या किती झाकल्या जातील ते मोजतो आणि सर्वांत कमी झाकणारी जागा घेतो. मधोमध, कोपऱ्यात, माउसखाली हीही धोरणे आहेत.

खरी गंमत स्मरणशक्तीत आहे. बंद होताना प्रोग्रॅम आपली जागा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच मागतो. जागा लिहिताना शीर्षकपट्टी सोडून आतल्या भागाचा कोपरा मोजला आणि उघडताना तोच आकडा बाहेरच्या चौकटीला लावला, तर खिडकी दर खेपेस पट्टीच्या उंचीइतकी खाली उतरते. पट्टी २८ पिक्सेलची असेल तर वीस वेळा उघडल्यावर ती ५६० पिक्सेल खाली गेलेली असते. विंडोजवर याची बहीण आहे : छोटी करून (मिनिमाइझ) ठेवलेल्या खिडकीचे स्थान विचारले की (−३२०००, −३२०००) असे उत्तर येते. खिडकी छोटी असतानाच प्रोग्रॅम बंद झाला आणि त्याने तेच आकडे जपून ठेवले, तर पुढच्या वेळी खिडकी उघडते खरी, पण दिसत नाही. दुसरा मॉनिटर काढून नेल्यावरही हेच होते. खिडकी आता नसलेल्या पडद्यावर जाऊन बसते. विंडोजवर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग एक बाणकळ दाबून माउस हलवला की ती माउसला चिकटून परत येते. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ऑल्ट+एफ७ तेच काम करते.

आकाराचा घोळ २००८ च्या सुमारास नेटबुक या छोट्या लॅपटॉपांनी चव्हाट्यावर आणला. त्यांचा पडदा १०२४x६०० चा, आणि सेटिंगची चौकट त्याहून उंच. त्यामुळे तळाची बटणे पडद्याबाहेर. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढण्याची युक्ती लिनक्सवाल्यांना तेव्हा फार उपयोगी पडली.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, म्हणून ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजी मोजून पक्क्या आकाराची चौकट बांधली असेल तर ‘ओके’च्या जागी बसवलेले ‘ठीक आहे’ मधेच तुटते आणि ‘पुढे’चा उकार कापला जाऊन बटणावर ‘पढे’ दिसते. मजकूर मोजून मग आकार ठरवणाऱ्या, खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचांत हे सहसा टळते. तरीही भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक चौकट एकदा उघडून पाहावी हे बरे.

एक्सच्या जागी आणलेल्या, २००८ साली सुरू झालेल्या वेलँड या प्रणालीने जुना वाद मुळापासून मोडला. तिथल्या नेहमीच्या खिडकीला आपण पडद्यावर कुठे आहोत हे कळतच नाही आणि जागा मागताही येत नाही. ती कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडदा रंगवणारा प्रोग्रॅम, ठरवतो. मेनूसारख्या लहान खिडक्या फक्त आपल्या मूळ खिडकीच्या संदर्भाने बसतात. भरकटलेल्या आकड्यांचा त्रास त्यामुळे कमी झाला, पण चार-पाच सुट्या खिडक्या ठरावीक जागी मांडणाऱ्या प्रोग्रॅमांची अडचण झाली. के-विनमध्ये यावर वापरणाऱ्याने लिहायचे नियम आहेत. त्यात ‘लक्षात ठेवा’ निवडले तर खिडकी बंद होताना जिथे होती तिथे उघडते, आणि ‘सक्ती’ निवडली तर ती मग हलवताही येत नाही. घाईत दुसरा पर्याय टिचकवून खिडकी अडकली म्हणून कुरकुरणारे पुष्कळ असतात.