पट न पाहता दिलेली मात

टार्नोपोल (आजच्या युक्रेनमधलं तेर्नोपिल), १९१६. पहिल्या महायुद्धात रशियन रेडक्रॉसमध्ये असलेला, पुढे बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला अलेक्झांडर अलेखाइन इथल्या इस्पितळात पडून होता आणि पट न पाहता बुद्धिबळ खेळत होता. काळ्या मोहऱ्या घेतलेल्या फेल्टसमोर पट होता. अलेखाइनला चाली फक्त ऐकू येत होत्या.

काळ्याची चौदावी चाल झाल्यावरची स्थिती पटावर मांडून बघा. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आकडा म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) पांढरे: राजा जी१, वजीर ई२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट डी३ आणि एफ४, घोडे ई५ आणि एफ३, प्यादी ए२, बी२, सी४, डी४, एफ२, जी२, एच२. काळे: राजा जी८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि ई८, उंट बी७ आणि ई७, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, बी६, सी५, ई६, एफ५, जी७, एच७.

काळ्याच्या दोन चुका आधीच झाल्या आहेत. एफ-प्यादं पुढे गेल्याने ई६ ला प्याद्याचा आधार राहिला नाही. अकराव्या चालीला हत्ती एफ८ सोडून ई८ वर आला, तेव्हा एफ७ राखायला एकटा राजा उरला.

अलेखाइनने ई५ चा घोडा एफ७ वर टाकला. तो थेट वजिरावर, म्हणून राजाने तो मारला. पुढची चाल: वजीर ई६ चं प्यादं मारून शह! राजाने वजीर खाल्ला तर दुसरा घोडा जी५ वर येतो आणि मात. डी५ वर सी४ च्या प्याद्याचा पहारा, डी६ आणि ई५ वर उंटाचा, एफ७ वर घोड्याचा. उरलेली चारही घरं काळ्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली. ई७ चा उंट जी५ चा घोडा मारू शकत नाही, कारण मधे एफ६ वर त्याचाच घोडा उभा.

फेल्टने राजा जी६ वर नेला. आता घोडा लगेच एच४ वर नेला तर राजा एच५ वर निसटतो. म्हणून अलेखाइनने आधी जी-प्यादं जी४ वर ढकललं. माझ्या मते डावातली सर्वांत सुंदर चाल हीच, वजिराचा बळी नव्हे. हे प्यादं फुकट दिसतं, पण एफ५ चं प्यादं डी३ च्या उंटाने बांधलंय आणि एफ६ चा घोडा ई६ च्या वजिराने. दोघंही हलले तर राजाच उघडा पडतो. फेल्टने उंट ई४ वर आणला. घोडा एच४, मात. अठरा चाली.

न पाहणाऱ्याला हे कसं दिसलं? डोक्यात पटाचा फोटो असतो, असा लोकांचा समज. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी असे खेळाडू तपासून १८९४ मध्ये लिहिलं, ते वेगळंच निघालं: अनेकांना मोहऱ्यांचा आकार-रंग दिसतच नाही, कोण कुठे मारा करतो, एवढंच जाणवतं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातल्या स्थिती पाच सेकंद दाखवल्या. मास्टरने पंचवीसच्या आसपास मोहऱ्यांपैकी सोळाएक बरोबर मांडल्या, नवशिक्याने चारेक. मोहऱ्या वाटेल तशा विखुरल्या, तेव्हा मास्टरची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. स्मरणात बसतात ती घरं नव्हेत, ओळखीचे गट आणि नाती. वरचा मात तर नुसत्या नात्यांचाच बनलाय: बांधलेलं प्यादं, बांधलेला घोडा, अडलेला उंट.

गफलत होते ती बहुधा शांत, म्हणजे मार किंवा शह नसलेल्या चालींत. कोपऱ्यातलं एखादं प्यादं सरकलंय हे विसरलं जातं, कारण ते कुठल्याच नात्यात नसतं. एकाच वेळी अनेक डाव असतील तर ते एकमेकांत मिसळतात. म्हणून खेळाडू वेगवेगळ्या पटांवर मुद्दाम वेगवेगळी सुरुवात करतात.

सराव करायचा तर घरांच्या रंगांपासून करा. डोळे मिटून सांगा: जी६ कुठल्या रंगाचं? पांढरं. डी३ सुद्धा पांढरंच; म्हणून तर तो उंट जी६ पर्यंत पोचतो. हे न अडखळता जमलं, की घोडा जी१ वरून एच८ ला कमीत कमी किती उड्यांत जातो ते मनातच मोजा.