मुंग्या गेल्या, चौकोन आले

31 मार्च 2022 पर्यंत दूरदर्शनने देशभरातले बहुतेक सगळे ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे ठेवले. नाशिकमध्ये याचा काहीच बोभाटा झाला नाही, कारण इथला टीव्ही त्याआधीच डिजिटल झाला होता, तोही केबलमधून. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत नाशिक होतं आणि मुदत होती 31 मार्च 2013. केबलवाल्याकडून सेट-टॉप बॉक्स घेतला की झालं.

अमेरिकेत 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं, ब्रिटनमध्ये 2012 साली. तिथे मात्र छपरावरची अँटेना जागची हलली नाही. खाली टीव्हीला एक डबी जोडली आणि त्याच काड्यांनी डिजिटल चित्र झेललं. आपल्याकडे अँटेनाच भंगारात गेली. त्यामुळे हवेतून येणारा डिजिटल टीव्ही कसा वागतो, हे नाशिकच्या सिडको-सातपूरच्या गच्च्यांना फारसं कळलंच नाही. खरी गंमत मात्र तिथेच आहे.

आधी मुंग्या, म्हणजे पडद्यावर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. ॲनालॉग पद्धतीत चित्राचा उजेड-अंधार थेट लहरीच्या उंचीत उतरवलेला असतो. टीव्हीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या उष्णतेमुळे एक बारीक खरखर कायम चालू असते, शिवाय थोडी आकाशातूनही येते. सिग्नल जोरदार असेल तर ती दबून राहते आणि सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर वळवळू लागते. सिग्नल वाढवणारा बूस्टर लावूनही अनेकदा फरक पडायचा नाही, कारण वायरीत शिरलेल्या खरखरीलाही तो तेवढंच फुगवायचा. बातम्या मात्र चित्राचं पार वारूळ झालं तरी स्वच्छ ऐकू यायच्या. आवाज एफएम पद्धतीने जातो. त्यात माहिती लहरीच्या उंचीत नसून कंपनसंख्येच्या बदलात असते, म्हणून खरखरीचा त्याला तितका त्रास होत नाही.

दुसरी तक्रार दुहेरी चित्राची. समजा, पांडवलेणीच्या डोंगरावर आपटून येणारी लहर थेट येणाऱ्या लहरीपेक्षा 3 किलोमीटर जास्त फिरली. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, म्हणजे तिला 10 मायक्रोसेकंद उशीर झाला. पडद्यावर चित्राची एक ओळ 52 मायक्रोसेकंदांत रेखली जाते. हिशेब केला तर 21 इंची टीव्हीवर निवेदिकेची फिकट जुळी बहीण तिच्या उजवीकडे आठेक सेंटीमीटरवर उभी दिसणार. पडद्यावर फूटपट्टी ठेवून डोंगराच्या वळशाचं अंतर काढता आलं असतं!

डिजिटल पद्धतीत लहरीवर चित्र नसतं, आकडे असतात. साध्या दर्जाचं चित्र जसंच्या तसं आकड्यांत उतरवलं तर सेकंदाला 20 कोटींहून जास्त बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आकडे, लागतात. एवढे बिट हवेतून पाठवायला जागाच नाही. म्हणून मागच्या चित्रापेक्षा बदललं तेवढंच पाठवायचं, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, असं करत तो आकडा 30-40 लाखांवर आणतात. मग जिथे एक ॲनालॉग वाहिनी मावायची, तिथे अनेक बसतात. या आटवलेल्या आकड्यांत पुन्हा मुद्दाम भर घालतात ती दुरुस्तीच्या बिटांची. कधी कधी तर दर तीन बिटांमागे एक बिट निव्वळ चुका सुधारण्यासाठी असतो. वाटेत काही बिट बिघडले तरी बॉक्स गणित करून मूळ आकडा शोधून काढतो.

डोंगरावर आपटून उशिरा येणाऱ्या लहरीचाही बंदोबस्त असतो. हवेतल्या डिजिटल टीव्हीसाठी भारताने घेतलेल्या डीव्हीबी-टी2 पद्धतीत आकडे हजारो बारीक वाहक लहरींवर वाटून, प्रत्येकीवर संथपणे पाठवतात. त्यातल्या 32 हजार वाहकांच्या प्रकारात एक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला बिटांचा गठ्ठा, साडेतीन मिलिसेकंद टिकतं आणि त्याआधी किमान 28 मायक्रोसेकंदांचा राखीव अवधी असतो. डोंगराचा 10 मायक्रोसेकंदांचा उशीर त्यातच जिरतो, जुळी बहीण उगवत नाही.

मग बिघडतं कुठे? दुरुस्तीला मर्यादा असते. ती ओलांडेपर्यंत चित्र काचेसारखं लख्ख, आणि ओलांडली की कडेलोट. काठावर असताना सिग्नलची ताकद विसेक टक्क्यांनी उतरली तरी एवढं पुरतं. चित्राचं गणित छोट्या-छोट्या चौकोनी तुकड्यांत केलेलं असल्यामुळे चेहऱ्याच्या चौकटी होतात, ओठ एकीकडे आणि नाक दुसरीकडे. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत बॉक्स शेवटच्या चित्रावर अडून बसतो.

माझ्या मते या बदलात आपण गमावली ती चित्राची प्रत नव्हे, तर दुरुस्तीची सोय. ॲनालॉगमध्ये पडदा स्वतःच मीटर होता. एकाने गच्चीवर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "थोडं गंगेकडे... बास, बास, आता परत गेलं!" (गंगा म्हणजे आमची गोदावरी.) मुंग्या कमी-जास्त होताना दिसत, म्हणून हे जमायचं. डिजिटलमध्ये उत्तम दिशा आणि जेमतेम दिशा पडद्यावर हुबेहूब सारखीच दिसते. जेमतेम दिशेवर समाधान मानलेली अँटेना आठ दिवसांनी वाऱ्याने बोटभर सरकते आणि चित्र गायब होतं. म्हणून बॉक्सच्या मेनूतली सिग्नलची पट्टी बघत अँटेना लावावी लागते, आणि तीही ताकदीची नव्हे, गुणवत्तेची. ताकदीत खरखरही मोजली जाते.

बाजारात 'डिजिटल अँटेना' म्हणून जे विकतात ते विक्रीचं नाव आहे. काडीला ॲनालॉग-डिजिटल कळत नाही, तिला कळते ती लहरीची लांबी. 200 मेगाहर्ट्झला अर्धी लहर 75 सेंटीमीटर आणि 500 मेगाहर्ट्झला 30, काड्यांची लांबी तेवढी बदलते. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी 1926 साली मांडलेली काड्यांच्या अँटेनाची रचना आजही तीच आहे.

2016 साली दूरदर्शनने 16 शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात मुंबई होती, औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. मुंबईचं पकडता आलं असतं का? या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. 300 मीटर उंच मनोरा आणि 10 मीटरवरची अँटेना यांची गाठ सपाट जमिनीवरही 85 किलोमीटरच्या आत पडते. मुंबई सरळ रेषेत 150 किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री. औरंगाबाद त्याहून थोडं लांबच.

दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या, डीडी फ्री डिशच्या, तबकडीला हा प्रश्न नाही. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेवर आहे. नाशिकमधून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर येतो, आणि इतक्या वर बघणाऱ्या तबकडीला एकही डोंगर आडवा जात नाही. आडवा येतो तो पाऊस. तिथली लहर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटीमीटरची असल्याने मोठे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. जुलैत त्र्यंबककडून काळं आभाळ चालून आलं की चौकोन दिसू लागतात. पण तबकडी आग्नेयेला बघते, म्हणून डोक्यावर कोसळत असतानाही सिन्नरच्या बाजूचं आभाळ मोकळं असेल तर चित्र बऱ्याचदा तग धरतं. अशा वेळी गच्चीवर जाऊन तबकडी हलवू नये. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं, हलवलेली तबकडी येत नाही.