संस्थानी पत्रव्यवहार पाहण्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

संस्थानांच्या कारभारासंबंधी रेसिडेंट, पोलिटिकल एजंट (संस्थानांत नेमलेले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी) आणि त्यांच्यावरची सरकारे यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पाहायला मिळावीत म्हणून केलेले अर्ज वारंवार परत येतात. त्यात अर्जदार अपात्र ठरल्याची उदाहरणे थोडी असतात. बहुतेकांनी पत्र भलत्याच दप्तरात मागितलेले असते, किंवा पत्राची तारीख आणि ते ज्या कार्यवाहीत (सरकारी विभागाच्या महिनावार नोंदींत) नोंदले गेले तिचा महिना एकच समजलेला असतो.

पात्रतेचा भाग सोपा आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार ३० वर्षांहून जुने, गोपनीय न ठरवलेले आणि दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सुपूर्द झालेले कागद प्रामाणिक संशोधकाला पाहता येतात. त्यासाठी हाती पदवीच हवी असे नाही, पण विषय आणि कालखंड अर्जातून स्पष्ट दिसले पाहिजेत. ‘आमच्या संस्थानाचा सर्व इतिहास’ असे लिहिलेला अर्ज कोणत्याही कर्मचाऱ्याला पुढे नेता येत नाही.

विहित नमुन्यातील अर्ज, छायाचित्र आणि ओळखपत्र यांची अडचण येत नाही. अडते ते ओळखपत्रासोबत मागितल्या जाणाऱ्या परिचयपत्रावर. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ते विभागप्रमुखाकडून मिळते. निवृत्त शिक्षक, जुन्या इनामदार घराण्यातले वारस किंवा गावाचा इतिहास लिहू पाहणारा शेतकरी यांनी ते कोठून आणावे, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. अशांनी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडून किंवा नोंदणीकृत इतिहास संशोधन संस्थेकडून संस्थेच्या छापील कागदावर, विषय आणि वर्षे नमूद करून, सही-शिक्क्यानिशी पत्र घ्यावे, आणि दिल्लीचे तिकीट काढण्यापूर्वी घ्यावे. परदेशी नागरिकांकडून त्यांच्या देशाच्या दूतावासाचे पत्रही मागितले जाते. परदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी मंडळींकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी पासपोर्ट परदेशी असतो, म्हणून त्यांनी आपल्याला काय लागू होते ते आधीच लेखी विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा, कोणत्या दारात जायचे याचा. पत्र ज्या वर्षी लिहिले गेले त्या वर्षी ते संस्थान कोणत्या सरकारच्या देखरेखीखाली होते, हे ठरवल्याशिवाय अर्ज करू नये. सातारा, कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी यांचा व्यवहार दीर्घकाळ मुंबई सरकारमार्फत चाले, त्यामुळे त्यांची पत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राजकीय विभागाच्या खंडांमध्ये शोधावी लागतात. १९३३ मध्ये दख्खन संस्थान एजन्सी (अनेक संस्थानांवर एकत्र देखरेख करणारे ब्रिटिश कार्यालय) झाली आणि कोल्हापूर व इतर दक्षिणी संस्थानांचा संबंध थेट भारत सरकारशी जोडला गेला. त्यानंतरची पत्रे मुंबईत मागत बसल्यास दिवस वाया जातो. होळकर आणि शिंदे यांची संस्थाने मध्य भारतातल्या एजन्सीमार्फत भारत सरकारच्याच अखत्यारीत होती, तेव्हा त्यांच्यासाठी शोधाची सुरुवात दिल्लीतून करावी.

बडोद्याचे प्रकरण सर्वांत जास्त फसवते. रेसिडेंट कर्नल फेअर मुंबई सरकारला लिहीत असत. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी त्यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या जागी सर लुईस पेली आले, बडोद्याचे काम भारत सरकारने आपल्या हाती घेतले आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले. अवघ्या काही महिन्यांचा हा पत्रव्यवहार दोन शहरांत विभागलेला आहे. शिवाय नोव्हेंबरमधले पत्र भारत सरकारच्या परराष्ट्र विभागाच्या कार्यवाहीत पुढच्या एखाद्या महिन्याखाली नोंदलेले असू शकते. मागणीपत्रात विभाग, शाखा, कार्यवाहीचा महिना, वर्ष आणि क्रमांक लिहायचे असतात. तेथे पत्राची तारीख लिहिली की चिठ्ठी परत येते. म्हणून आधी वार्षिक सूची पाहावी, तिच्यात पुढचे वर्षही पाहावे, आणि अर्धशासकीय पत्रे व अधिकाऱ्यांचे आपसांतले शेरे मूळ नस्तीला (फाइलला) जोडलेल्या पुरवणीत असतात हे लक्षात ठेवून तीही मागावी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधताना जुनी इंग्रजी रूपे वापरावी लागतात: सातारा ‘सत्तारा’ म्हणून, कोल्हापूर ‘कोलापूर’ म्हणून, सावंतवाडी ‘सावंत वारी’ म्हणून नोंदलेले सापडते.

एका वाचनकक्षात माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांच्या पाच चिठ्ठ्यांपैकी तीन ‘कागद जीर्ण’ आणि एक ‘हस्तांतरित नाही’ असा शेरा घेऊन परतल्या, आणि ते वही मिटून निघाले. त्यांना थांबवून जे सांगितले तेच येथे सांगतो. महत्त्वाचे पत्र बहुधा एकाच ठिकाणी नसते. १८४८ मध्ये सातारा खालसा करावे की दत्तक मान्य करावा यावर रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबई सरकार यांनी लिहिलेले कागद कलकत्त्याला, तेव्हाच्या भारत सरकारकडे, आणि लंडनलाही गेले. एका ठिकाणची प्रत जीर्ण असेल तर दुसऱ्या ठिकाणची मागता येते.

१९४७ मध्ये मात्र काही कागद खरोखरच नष्ट झाले. व्हाइसरॉयचे राजकीय सल्लागार सर कॉनरॅड कोरफिल्ड यांच्या काळात संस्थानिकांच्या खासगी आयुष्याविषयीच्या नस्त्या जाळण्यात आल्या, आणि नेहरूंनी त्याला तीव्र आक्षेप घेतला होता. उरलेल्यांपैकी बराच भाग लंडनला गेला आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे: राजप्रतिनिधीच्या (संस्थानांसाठी ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी म्हणून काम पाहणाऱ्या व्हाइसरॉयच्या) राजकीय विभागाचे कागद ‘आर/१’ या वर्गात, रेसिडेन्सी आणि एजन्सींचे ‘आर/२’ मध्ये. तेथील वाचकपत्रासाठी ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा मूळ पुरावा जवळ ठेवावा. वारसाहक्काच्या किंवा न्यायालयाच्या कामासाठी पत्र हवे असेल, तर साधी छायाप्रत नको, प्रमाणित नक्कल हवी, हे पहिल्याच अर्जात लिहावे.